दोन भाषांत नांदलेली मराठी कथा

जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे तीन शिलालेख आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चिटाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याचे दर्शनी काम करून दिले. हे यवन मूळचे ग्रीक मानले जातात. कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई, त्या काळातली ही माणसे. दानाची नोंद मात्र त्यांनी इथल्या प्राकृतात, ब्राह्मी लिपीत कोरवली. ज्यांना वाचायची होती त्यांना ती वाचता आली पाहिजे, हे त्यांच्या लेखी पुरेसे कारण असावे.

लेखकाने कोणत्या भाषेत लिहावे हा प्रश्न निष्ठेचा झाला तो फार नंतर, इंग्रजी राजवटीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर असलेला ‘वाघिणीचे दूध’ हा शब्दप्रयोग आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्यातला हिशेब स्पष्ट होता: दूध इंग्रजीचे प्यायचे आणि त्या बळावर मराठीत लिहायचे. हरिभाऊ आपट्यांपासून पुढच्या अनेक कादंबरीकारांनी हेच केले.

साठच्या दशकात हा हिशेब मोडला. अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे दोन्ही भाषांत कविता लिहू लागले. गौरी देशपांडे इंग्रजी कवितेकडून मराठी कथा-कादंबरीकडे आल्या, आणि बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड त्यांनी मराठीत आणले. कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६ साली इंग्रजीत आली. खंडोबा इंग्रजीत गेला म्हणून तो परका झाला, असे आज ती वाचताना कुणाला वाटणार नाही.

कथात्म साहित्यात हे दोन भाषांतले लेखन सर्वांत हट्टाने केले ते विलास सारंगांनी. जन्म १९४२, कारवारचा, म्हणजे सीमाभागातला. ‘सोलेदाद’ हा त्यांचा मराठी कथासंग्रह १९७५चा. त्याच सुमारास ते इराकमध्ये बसऱ्याला इंग्रजी शिकवत होते. सुमेरियन लोकांचा गोड्या पाण्याचा देव एन्की, आणि त्याचे एरिदू हे नगर त्याच दक्षिण इराकमधले. या भूमीवरची त्यांची कादंबरी ‘एन्कीच्या राज्यात’ १९८३ साली मराठीत आली आणि दहा वर्षांनी ‘इन द लँड ऑफ एन्की’ म्हणून इंग्रजीत. अरब प्रदेशातल्या हुकूमशाहीचा अनुभव घेणारा मराठी माणूस दोन भाषांत उभा करणारा दुसरा लेखक आपल्याकडे सापडणे कठीण. सारंगांची कल्पनाशक्ती निर्भीड होती. त्यांच्या एका कथेतल्या बेटावरच्या स्त्रिया अर्ध्याच देहाच्या आहेत: कुणी कमरेच्या वर, कुणी कमरेच्या खाली. ही कथा कोणत्याही भाषेत वाचकाला अस्वस्थ करते, कारण ती पुरुषाच्या नजरेवर बोट ठेवते.

मराठीबाहेरही असे लेखक आहेत. कैरोत जन्मलेल्या अहदाफ सूएफ यांची ‘द मॅप ऑफ लव्ह’ ही इंग्रजी कादंबरी १९९९ साली बुकरच्या अंतिम यादीत होती. त्यांची पात्रे अरबीत जगतात आणि वाचकाला इंग्रजीत भेटतात. लंडनमधून लिहिताना इजिप्त सुटला नाही, तसेच बसऱ्याहून लिहिताना सारंगांची मुंबई सुटली नाही.

कादंबरीकार किरण नगरकरांना मात्र कोणत्या भाषेत लिहावे या प्रश्नाने भाजून काढले. त्यांचे मराठी माध्यमातले शिक्षण जेमतेम चार वर्षांचे. तरी पहिली कादंबरी मराठीत लिहिली: ‘सात सक्कं त्रेचाळीस’, १९७४. कुशंक पुरंदरेचे तुटक, पुढे-मागे उड्या घेणारे ते निवेदन मराठी कादंबरीला नवे होते. पुढे महाभारतावरचे त्यांचे ‘बेडटाइम स्टोरी’ हे नाटक विरोधामुळे अनेक वर्षे रंगमंचावर येऊ शकले नाही. ‘रावण अँड एडी’ ही कादंबरी त्यांनी मराठीत सुरू केली आणि नव्वदच्या दशकात इंग्रजीत पूर्ण केली. माझगावची चाळ, एका मजल्यावर हिंदू, दुसऱ्यावर कॅथलिक, गॅलरीतून खाली पडणारे तान्हे मूल आणि त्याला झेलताना प्राण गमावणारा व्हिक्टर. नळावरच्या पाण्याच्या मारामाऱ्या. यातले इंग्रजी काय, तर फक्त वाक्ये. तरीही ‘आपल्याला सोडून गेला’ हा राग मराठीत उमटला, आणि तो नगरकरांना शेवटपर्यंत सलत राहिला. मीराबाईच्या पतीला नायक करणाऱ्या ‘ककल्ड’ला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो इंग्रजीसाठी. रेखा सबनीसांनी ती ‘प्रतिस्पर्धी’ म्हणून मराठीत आणली. २०१९ साली नगरकर गेले.

हा राग अन्यायाचा होता. लेखक भाषा बदलतो तेव्हा आधीची भाषा त्याच्या कानातून जात नाही. चाळीतल्या बायकांचे भांडण नगरकरांनी इंग्रजीत लिहिले ते ऐकलेले होते मराठीतच. खरे नुकसान झाले ते वाचकाचे. दुसऱ्या भाषेत गेलेल्या पुस्तकाला आपण परके ठरवले आणि ते वाचायचे राहून गेले. सारंगांनी बुद्धावर इंग्रजीत ‘द धम्मा मॅन’ आणि मराठीत ‘अमर्याद आहे बुद्ध’ लिहिली. एकाच लेखकाने एकच विषय दोन भाषांत कसा हाताळला, काय गाळले, काय वाढवले, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची अशी संधी मराठी समीक्षेला क्वचितच मिळते. २०१५ साली सारंग गेले; ते काम व्हायला हवे.