झाकली मूठ आणि सोर्स कोड

भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीचे मतदान २८ मे २०१८ रोजी, ऐन नवतप्यात ठेवले होते. सकाळपासूनच ठिकठिकाणी मताची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडू लागली, मतदार रांगेत ताटकळले आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. उष्णता आणि प्रखर उजेडामुळे यंत्रांतले सेन्सर बिघडले, असे निवडणूक आयोगाने सांगितले. मेअखेरीचा गोंदिया ज्याने सोसला आहे त्याला हे पटायला हरकत नव्हती. तरी फेरफाराची कुजबुज थांबली नाही. यंत्राच्या आत कोणता प्रोग्रॅम चालतो हे बाहेरच्या कुणालाच पाहता येत नाही, मग शंकेचे निरसन करायचे कशाच्या आधारावर?

सप्टेंबर २०२३ मध्ये मतदान यंत्रातल्या या प्रोग्रॅमच्या, म्हणजे सोर्स कोडच्या, तपासणीची मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेटाळली गेली. कोड चव्हाट्यावर आणला तर हॅक करणाऱ्यांचेच फावेल, असा न्यायालयाचा सूर होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा सुरक्षेविषयीचा सर्वांत जुना विचार आहे आणि तो अजून भक्कम उभा आहे.

त्याला पहिला धक्का संगणक जन्मण्याआधीच बसला होता. ऑगस्ट केर्कहोफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ साली लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना बजावले की, यंत्रणा शत्रूच्या हाती पडणार असे धरूनच चाला. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. ओपन सोर्सवाल्यांनी पुढे याच विचाराला जोड दिली: कोड सगळ्यांना दिसला तर चुकाही लवकर दिसतील.

सरकारी कचेऱ्यांना हे पचायला वेळ लागला. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणारा आपला समाज अशा बहुधा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे मात्र संशयाने पाही. बिघडले तर धरायचे कुणाला, हा बाबूंचा प्रश्न अगदीच खुळा नव्हता. पण पैसे मोजून घेतलेल्या विंडोजनेही अभय दिले नाही. मे २०१६ मध्ये लॉकी नावाच्या खंडणीखोर व्हायरसने मंत्रालयातले सुमारे दीडशे संगणक निकामी केले. त्याआधी, मार्च २०१५ मध्येच केंद्राने धोरण जाहीर केले होते: ई-गव्हर्नन्समध्ये ओपन सोर्सला प्राधान्य, आणि जो पुरवठादार ते टाळेल त्याने कारण द्यायचे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने विंडोजऐवजी उबुंटूवर बेतलेली ‘माया’ प्रणाली स्वीकारायला घेतली. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाच्या रेशन दुकानात म्हातारी ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवते तेव्हा तो पडताळणारी आधारची यंत्रणाही मायएसक्यूएल, हडूप अशा खुल्या साधनांवरच उभी राहिलेली आहे. म्हणजे आधारला खुलेपणा चालतो, मतदान यंत्राला चालत नाही. एकाच राज्यव्यवस्थेत दोन्ही विचार सुखाने नांदतात.

मात्र ‘सगळे पाहू शकतात’ याचा अर्थ कुणीतरी पाहते आहे, असा होत नाही. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेले हार्टब्लीडचे भोक इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स प्रकल्पात दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. निम्मे इंटरनेट ज्यावर विसंबलेले, त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत असे. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड या छोट्या प्रकल्पात कुणीतरी दोनेक वर्षे विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधला. कोड खुला होता म्हणून तो मुळाशी पोहोचू शकला, हे खरे. पण त्याची नजर तिकडे गेली हा निव्वळ योग.

म्हणून पाहण्याचे काम कुणावर तरी सोपवावे लागते. गोंदिया जिल्ह्याचे संकेतस्थळ वर्डप्रेस या ओपन सोर्स साधनावर रचलेल्या, केंद्राच्या एनआयसीच्या सामायिक व्यवस्थेवर चालते. ही रीत शहाणपणाची आहे: दुरुस्ती एका जागी होते, प्रत्येक जिल्ह्याला वेगळा राखणदार लागत नाही. नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा स्वतः सॉफ्टवेअर करून घेतात तेव्हा ही सोय नसते. तिथे निविदेत ओपन सोर्सचे कलम आहे का, एवढ्यावर थांबू नये. सुरक्षा-दुरुस्त्या कोण बसवणार, किती दिवसांत आणि कुणाच्या पैशाने, हेही सदस्यांनी सभेत विचारावे आणि करारात लिहून घ्यावे.