जन्मस्थळाचा रकाना

आमच्या शाळेच्या कचेरीत एक जाडजूड वही आहे. तिला आम्ही जनरल रजिस्टर म्हणतो. मुलाचे नाव, आईवडिलांचे नाव, मातृभाषा, जन्मतारीख, जन्मस्थळ असे तिचे रकाने. मूल शाळा सोडून जाते, नोकरीला लागते, त्याचे लग्न होते, तरी कुठला ना कुठला दाखला त्याला लागतोच आणि तो या वहीवरूनच द्यावा लागतो. जन्मतारखेवरून भांडायला आलेले पालक मी तीस वर्षांत पुष्कळ पाहिले. जन्मस्थळाच्या रकान्यासाठी मात्र सहसा कुणी भांडत नाही. तो आपल्या हातातला नव्हे, असे सगळे धरूनच चालतात.

२०२४ सालच्या दिवाळीत आमच्याच घरात या रकान्यावरून तीन दिवस वाद चालला.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला पाचवा महिना होता. जावई संगणकाच्या क्षेत्रातले. त्यांना अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसा मिळाला होता आणि ऑक्टोबरात ते तिकडे रुजूही झाले होते. पत्नी म्हणून हिचाही व्हिसा झाला होता. बाळंतपण मार्चच्या मध्याला अपेक्षित. अठ्ठावीस आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात आणि साधारण छत्तीस आठवड्यांनंतर विमानात घेतच नाहीत. तेव्हा जायचे तर डिसेंबरअखेर, नाहीतर मूल होऊन ते प्रवासाजोगे झाल्यावर. प्रश्न एवढाच, मूल कुठे जन्माला यावे?

भावाचे मत ठाम होते: तिकडेच. मूल जन्मतःच अमेरिकेचे नागरिक होईल, त्याचे आयुष्य मार्गी लागेल. भावजय म्हणाली, पहिले बाळंतपण माहेरी, त्याशिवाय तिकडे हिला चार दिवस ऊन पाणी कोण देणार? जावई फोनवर एवढेच म्हणाले, "ती इकडं आली तर त्या वेळेला मी जवळ असेन. एवढंच मला पाहिजे." माझी आई, वय वर्षे चौऱ्याऐंशी, कोपऱ्यातून म्हणाली, "पयली खेप म्हायेरलाच. ह्यात बोलायचं काय हाय?" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. घरातला मी एम.ए., त्यात हेडमास्तर. निकाल माझ्याकडे मागायची आमच्या घराची जुनी खोड आहे आणि तो द्यायची माझीही.

मी निकाल दिला. तो देण्यापूर्वी दोन दिवस कायदा वाचला, हेही सांगतो. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ सालची. त्या भूमीवर जन्मलेला आणि तिथल्या अधिकारक्षेत्रात असलेला तो तिथला नागरिक, असे ती सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली हाच अर्थ पक्का केला. हा मातीचा हक्क. आपल्याकडे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने आधी मातीचाच हक्क दिला होता. १ जुलै १९८७ पासून त्याला रक्ताची अट जोडली गेली आणि ३ डिसेंबर २००४ पासून ती अधिक कडक झाली. दुहेरी नागरिकत्व आपण देत नाही. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या मुलाला इथे ओसीआय कार्ड मिळते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

दुसरी बाजूही होती. मूल इथे जन्मले तर आईबरोबर ते अवलंबित म्हणून तिकडे जाणार. नोकरीवर आधारलेल्या कायम वास्तव्याच्या परवान्यांना दर देशामागे सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग फार लांब आहे. रांगेत असताना मुलाला एकवीस वर्षे पूर्ण झाली की अवलंबितपणा संपतो. तिथेच वाढलेल्या मुलाला तिथे राहण्यासाठी नवा आधार शोधावा लागतो, किंवा निघावे लागते. त्याच घरात नंतर तिकडे जन्मलेले भावंड मात्र नागरिक. एका ताटात जेवणारी दोन मुले आणि कायद्याच्या लेखी एक घरचे, एक पाहुणे.

हे सगळे मी वर्गात शिकवल्यासारखे मुद्देसूद मांडले आणि म्हणालो, "कागदाचे महत्त्व मला विचारा. जन्मदाखला नाही म्हणून अडलेली पोरे मी पाहिली आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर नव्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून तो एकच दाखला. हिने जावे हे बरे." भाऊ खूश झाला. भावजय उठून आत गेली. आणि जिच्याबद्दल हे सारे चालले होते ती पुतणी पणत्यांत तेल घालत होती. ती काहीच बोलली नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर बायको म्हणाली, "निपाणी विसरलासा काय?"

विसरलो नव्हतो. फक्त सव्वीस वर्षे त्याबद्दल बोललो नव्हतो.

१९९८ चा जुलै. बायकोला नववा महिना लागला होता. मी नुकता नोकरीत कायम झालेला, डोक्यात सीमाप्रश्नाचे वारे. मूल महाराष्ट्रात जन्मले, जन्मदाखल्यावर महाराष्ट्र आले, तर पुढे शिक्षणाला नोकरीला बरे पडेल, असा आमच्या भागात बऱ्याच जणांचा हिशेब असे. माझी थोरली बहीण कोल्हापुरात. मी बायकोला घेऊन एस.टी.त बसलो. पाऊस असा की पुढचा रस्ता दिसत नव्हता. संकेश्वर मागे पडले आणि तिला कळा सुरू झाल्या. निपाणीला उतरलो, रिक्षा शोधली, एका लहानशा दवाखान्यात पोहोचलो. रक्तस्राव फार झाला. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारले होते, "एवढ्या दिवसांवर आल्यावर हिला एस.टी.त बसवले कुणी?" त्या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. दोघी वाचल्या. मुलीच्या दाखल्यावर जन्मस्थळ आले: निपाणी, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक.

त्या रात्री मी बायकोला प्रथमच विचारले, "तुला तेव्हा कुठे जायचे होते?"

"खानापूरला. आईकडं," ती म्हणाली. जणू कालचीच गोष्ट.

खानापूर आमच्यापासून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. मी तिला शंभरावर किलोमीटर दूर न्यायला निघालो होतो आणि तिचे माहेर कुठल्या दिशेला आहे, हा विचारही माझ्या हिशेबात नव्हता.

*

त्या रात्री झोप आली नाही. विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले, की मुलाच्या हितासाठी आईबापांनी हिशेब करावा यात मुळात काही गैर नाही. आपण सीमाभागातली माणसे तर हा हिशेब रोजच करतो. मुलाला मराठी शाळेत घालावे, कन्नड की इंग्रजी, हे ठरवताना मुलाला आपण विचारत नाही. त्याचे पुढचे आयुष्य आपण आपल्या अंदाजाने बेततो. मग जन्मस्थळाचीच निवड वेगळी का? मला फरक दिसला तो असा: शाळेचे माध्यम मी निवडले तर त्याचा भार मुलावर पडतो आणि काही अंशी माझ्यावर. जन्मस्थळ मी निवडले तर भार पडतो तो तिसऱ्याच व्यक्तीच्या शरीरावर. हिशेब माझा, वाट तिची, कळा तिच्या. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, ते स्वतःच साध्य आहे, असे कांटने १७८५ साली लिहिले. एम.ए.ला मी त्यावर पानेच्या पाने लिहिली होती. एस.टी.त मात्र मी बायकोला एका कागदाचे वाहन केले होते.

आणि कागद तरी किती भरवशाचा? माझ्या वडिलांचा जन्म १९३८ चा, मुंबई इलाख्यातला. मी १९७० चा, माझे राज्य म्हैसूर. धाकटा भाऊ १९७४ चा, त्याचे कर्नाटक. घर तेच, माजघर तेच. आम्हा दोघा भावांच्या वेळी तर सुईणही तीच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदलले, १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचे नाव बदलले, २०१४ साली त्याच तारखेला गावाचेही अधिकृत नाव बदलले. आम्ही कुठेच गेलो नाही, पाळण्याखालची जमीनच तेवढी सरकत राहिली. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांनी तरी मातीच्या हक्कावर सगळे आयुष्य तोलू नये.

आपल्या कथा-इतिहासात काय दिसते? श्रीकृष्ण जन्मला मथुरेच्या बंदिशाळेत आणि वाढला गोकुळात. त्याला घडवणारे गाव कुठले, हे कुणी जन्माच्या दाखल्यावरून ठरवत नाही. १६३० साली जिजाऊ शिवनेरीवर होत्या, कारण शहाजीराजे मोहिमांच्या धामधुमीत होते आणि गड सुरक्षित होता. नवरा दूर असताना बाळंतिणीला कुठे ठेवावे, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे जुने उत्तर असे, की जिथे ती सुरक्षित असेल तिथे.

पण हे उत्तर पुरते समाधान देत नाही. नवऱ्याची बाजू उरतेच. पहिले मूल जन्मताना बापाने दारात असू नये हे आपण परंपरेने फार सहज मान्य केले आहे. जावई कागद मागत नव्हते, नागरिकत्व मागत नव्हते. त्यांना फक्त जवळ असायचे होते. माहेर की नवरा, ही निवड आईच्या मायेची आणि बापाच्या हक्काची आहे. तिच्यापुढे कागद फारच किरकोळ ठरतो. तीन दिवस आम्ही भांडलो ते नेमके त्या किरकोळ गोष्टीवरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुतणीकडे गेलो. "काल मी बोललो ते सोडून दे," म्हणालो. "तुला काय वाटते ते सांग."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, मला तिथं भीती वाटते. हे दिवसभर कामावर असणार, बर्फात मी एकटी. पण हे नसताना बाळ झालं तर हे आयुष्यभर बोलून दाखवणार नाहीत, आणि तेच मला जास्त लागेल. कायद्याचं काय, ते बघूया की मागनं."

"तुम्ही दोघे बोलला आहात?"

"तुम्ही सगळे बोलताय म्हणून आम्ही थांबलोय," ती म्हणाली.

मी माजघरात जाऊन सर्वांना सांगितले, की हा विषय आता या घरात निघणार नाही. त्या दोघांनी आठ दिवस फोनवर बोलून ठरवले. ती इथेच राहिली.

*

पुढे घडले ते वाचकांना ठाऊक असेलच. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, की तात्पुरत्या व्हिसावरील आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाचा बाप तिथला नागरिक वा कायमचा रहिवासी नसेल, तर त्या मुलाला जन्मसिद्ध नागरिकत्व मानायचे नाही. १९ फेब्रुवारीनंतर जन्मणाऱ्यांना तो लागू व्हायचा होता. नेमकी शिवजयंतीची तारीख. त्या तारखेआधी शस्त्रक्रियेने मूल काढून घ्यावे म्हणून काही भारतीय जोडपी तिकडे डॉक्टरांकडे विचारणा करीत असल्याच्या बातम्या वाचल्या तेव्हा मला निपाणीचा रस्ता आठवला. भाऊ धावत आला, "दादा, बरे झाले गेली नाही ते!" तीन दिवसांतच सिएटलच्या न्यायालयाने आदेश थांबवला, तेव्हा त्याचा चेहरा पुन्हा पडला. पुढे वाद त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

मी भावाला म्हणालो, निर्णय बरोबर की चूक हे आदेशावर ठरत नाही आणि स्थगितीवरही नाही. तो कसा घेतला, कुणाला विचारून घेतला, यावर ते ठरते. निपाणीऐवजी आम्ही त्या दिवशी सुखरूप कोल्हापुरात पोहोचलो असतो, दाखल्यावर महाराष्ट्र आले असते, तरी मी चुकलोच होतो. फक्त ते मला कधी कळले नसते.

मार्चमध्ये मुलगी झाली. बेळगावात, आई उशाशी असताना. बापाने तिला फोनच्या पडद्यावर पाहिले. प्रत्यक्ष पाहिले ते गणपतीत, पाच महिन्यांनी. अनोळखी माणूस म्हणून ती त्यांच्याकडे जाऊन मोठ्याने रडली आणि जावई आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. ही किंमत आहे आणि ती त्यांनी दिली. एकविसाव्या वर्षीची किंमत कदाचित त्या मुलीलाही द्यावी लागेल. तिने उद्या विचारले, की मला तिकडे का जन्म दिला नाही, तर उत्तर द्यायला तिची आई समर्थ आहे, कारण निर्णय तिचा आहे. माझ्या मुलीने मला निपाणीबद्दल विचारले तर उत्तर माझ्याकडे नाही.

आता ती तिघे तिकडे आहेत. जाण्यापूर्वी पुतणी जन्मदाखल्याची एक प्रत माझ्याकडे ठेवून गेली. "तुमच्या वहीजवळ असू दे काका, लागला तर," म्हणाली. बायकोने ती घडी करून आमच्या मुलीच्या दाखल्यासोबत एकाच पाकिटात ठेवली आहे.