आईला सांगायची एक गोष्ट

संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कठड्यावर कॉलेजची पोरं बसलेली असतात. मोबाइलवर ठेका लावलेला असतो आणि एकजण त्यावर आपले शब्द भरभर म्हणत असतो. 2019 साली ‘गल्ली बॉय’ सिनेमा आला आणि रॅप आपल्याकडे घरोघरी माहीत झालं. पहिल्यांदा ऐकताना ते रागीट वाटतं. पण जरा थांबून ऐकलं, की एक गोष्ट लक्षात येते. सगळ्या जगाशी भांडणारा हा मुलगा आईचा विषय निघाला की मऊ होतो. तिच्याविषयी तो मोठे शब्द वापरत नाही. तिने काय काय केलं, तेवढं सांगतो.

अशा गाण्यांतलं फार गाजलेलं गाणं म्हणजे अमेरिकेतल्या तुपाक शकूरचं ‘डिअर मामा’. ते 1995 साली आलं. त्याची आई अफेनी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीतली कार्यकर्ती. तुपाक पोटात असताना तिने तुरुंग भोगला. 1971 च्या मे महिन्यात ती निर्दोष सुटली आणि जूनमध्ये तो जन्मला. पुढे गरिबीत तिने मुलं वाढवली. मधे ती व्यसनातही अडकली. मुलाने गाण्यात यातलं काही झाकलं नाही. तिचं व्यसन सांगितलं, आपण तिला दिलेला त्रास सांगितला. हाताशी असेल तेवढ्यात ती सणाचं जेवण कसं करायची, तेही सांगितलं. आणि तिचे मनापासून आभार मानले. पुढच्याच वर्षी, वयाच्या 25 व्या वर्षी, गोळीबारात त्याचा जीव गेला. आई त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं जगली. मुलाला काय वाटत होतं, हे तिला त्याच्याच तोंडून कळलेलं होतं.

आपल्याकडेही आईची गाणी कमी नाहीत. ‘प्रेमस्वरूप आई’ लिहिणारे माधव जूलियन कोल्हापूरच्याच राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. पण त्या कवितेतला मुलगा हाक मारतो, तेव्हा आई ऐकायला उरलेली नाही. जात्यावर दळताना आपल्या बायकांनी आईवर कितीतरी ओव्या गायल्या. तिची माया, माहेरची वाट, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. मुलग्यांना अशी बोलायची जागा फारशी मिळाली नाही. त्यांचं प्रेम पगार हातात ठेवण्यात दिसतं, वेळेवर औषध आणण्यात दिसतं, गाडीवरून अंबाबाईच्या दर्शनाला नेण्यात दिसतं. ते प्रेम खरंच असतं. पण तोंडाने बोलायची वेळ आली, की ‘आई, जेवलीस का?’ याच्या पुढे शब्द सरकत नाहीत. रॅपने आजच्या मुलांना ती जागा दिली आहे, आणि ही फार चांगली गोष्ट झाली आहे.

आज कामाला निघताना आपणही एवढं करू या. ‘आई, तू फार थोर आहेस’ असं म्हटलं तर ती हसेल आणि पुन्हा कामाला लागेल. त्यापेक्षा तिने केलेलं एखादं नेमकं काम आठवा आणि तेच सांगा. दहावीच्या अभ्यासाला पहाटे उठवून ती चहा करून द्यायची. फीसाठी तिने भिशीचे पैसे काढून दिले. स्वतःची साडी पुढच्या दिवाळीवर ढकलली आणि आपल्याला बूट घेतले. आई गावाकडे असेल तर फोन करा. ती आता नसेल तर तिची ती गोष्ट आपल्या मुलांना सांगा. त्याला ठेका लागत नाही, यमक जुळवावं लागत नाही. एक वाक्य पुरतं. तिने आपल्यासाठी जे केलं ते आपल्या लक्षात आहे, एवढं तिला आजच कळू द्या.