बाजारातली परीक्षा

काष्टीला जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. नगरहून दौंडकडे निघालं की श्रीगोंदा तालुक्यातलं हे मोठं बाजारगाव लागतं. पुढं भीमा ओलांडली की पुणे जिल्हा. या बाजारात जनावरांपेक्षा माणसं बघण्यासारखी. हेडी बैलाचा ओठ वर करतो, क्षणभर बघतो आणि सांगून टाकतो, "चौसा." आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला: दातांवरून वय सांगायची ही पट्टी त्याला कुणी फळ्यावर लिहून दिलेली नाही. मग खांदा, खूर, चाल. गाय असेल तर कासेवरची शीर आणि चारही सडं. जुन्या चालीचे लोक उपरण्याखाली बोटं धरून भाव करतात. आकडा दोघांनाच कळतो, तिसऱ्याला नाही.

या माणसाच्या नावापुढं सरकारी कागदावर 'निरक्षर' लिहिलेलं असतं, नाहीतर 'चौथी पास'. मला दर वेळी वाटतं, या ज्ञानाची परीक्षा घ्यायचीच म्हटली तर कुठल्या विद्यापीठाकडं त्याचा पेपर काढणारा माणूस आहे?

हा प्रश्न माझा नाही. तो महात्मा फुल्यांचा आहे, आणि 1883 चा आहे.

फुले-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये आपल्या घरी कामकरी आणि शेतकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्यापुढचं सहसा शिकवत नाहीत. 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं. वर्षभरात 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. त्याच्या शेवटाकडं एक सूचना आहे, तिच्यावर फारसं कुणी थांबत नाही. दरवर्षी श्रावणात शेतीची प्रदर्शनं भरवावीत, आश्विनात शेतपिकांच्या आणि औतं हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत, आणि तीन वर्षांच्या अंदाजावरून उत्तम ठरतील त्यांना पदव्या द्याव्यात. म्हणजे रात्रशाळा काढल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी फुले एक पाऊल पुढं गेले होते. शेतकऱ्याला अक्षर द्या, हे तर ते म्हणत होतेच. आता त्याला जे येतं त्याचीही परीक्षा घ्या आणि त्याला पदवीचा मान द्या, असं ते म्हणू लागले.

आपण पहिली अर्धी गोष्ट उचलली. दुसरी तशीच पडून राहिली.

2 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. 15 ते 35 वयाच्या दहा कोटी लोकांना पाच वर्षांत साक्षर करायचं होतं. उद्देश निर्मळ होता. पण गावोगाव त्याला 'प्रौढांचे वर्ग' म्हणू लागले आणि त्या शब्दातच थोडी लाज शिरली. दिवसभर खुरपून आलेली बाई कंदिलाच्या उजेडात बाराखडी गिरवायची, आणि तिला धडा असायचा तो स्वच्छतेचा. तिच्या घरी दोन गायी होत्या, कोणती कधी गाभण राहिली आणि कधी आटेल याचा हिशेब तिच्या डोक्यात होता. त्याबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही.

विद्यापीठं काय करत होती? पुणे विद्यापीठ 1949 मध्ये सुरू झालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या नावाची बहिःशाल व्याख्यानमाला तालुक्या-तालुक्यात पोचली आणि तिनं अनेक गावांना चांगले वक्ते ऐकवले, हे मी कृतज्ञतेनं लिहितो. पण व्याख्यानमालेत ज्ञान एकाच दिशेनं वाहतं. 1977 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला 'विस्तार' हे विद्यापीठाचं तिसरं काम ठरवलं. विस्तार म्हणजे आपल्याकडं जे आहे ते लांबवर पसरवणं. लांबून काही आणायचं असतं, हे त्या शब्दात बसत नाही. एका महाविद्यालयात अशा कार्यक्रमाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. 'शेतकरी बंधूंसाठी' असा फलक होता, खुर्च्यांवर एन.एस.एस.ची मुलं बसवली होती. फोटो निघाला, अहवाल गेला.

खरा वेगळा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला आणि तो विद्यापीठानंही केला नाही, कंपनीनंही नाही. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील जेमतेम चौथी शिकलेले. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. या दोघांनी प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950-51 हा त्याचा पहिला हंगाम, आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. आज हे सांगताना आपण 'आशियातला पहिला' वगैरे म्हणून पुढं जातो. मला त्यातली बैठक महत्त्वाची वाटते. एक अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं पुण्याहून लोणीला येतो, शेतकऱ्यांबरोबर भागभांडवल, ताळेबंद, घसारा यांवर बोलतो. आणि शेतकरी त्याला सांगतो की कुठल्या गावाचा पैसा का निघत नाही, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही. शिकवणी दोन्हीकडून चालली होती. चूक झाली असती तर नुसते गुण गेले नसते, शेअर बुडाले असते. प्रौढ माणूस शिकतो तो अशा ठिकाणी, जिथं त्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं असतं.

असंच कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर झालं. 1928 मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठानं विस्तार विभाग काढला, मोझेस कोडी नावाचा धर्मगुरू त्याचा प्रमुख. कोळ्यांच्या गावात लोक स्वयंपाकघरात बसून गटानं एकच प्रश्न सोडवायचे: आपल्या मालाचा भाव दुसरा का ठरवतो? त्या बैठकांतून पतपेढ्या आणि सहकारी मासळी कारखाने निघाले. वर्ग आधी आणि संस्था नंतर. आपल्याकडं पुढं उलट झालं. कारखाने आधी आले, उसाच्या बिलातून शिक्षणासाठी कपात झाली, तिच्यातून शाळा-महाविद्यालयं निघाली, आणि शेतकऱ्याची मुलं इंजिनिअर झाली. काष्टीतही आज तंत्रशिक्षणाचं संकुल आहे. हे छोटं काम नव्हे. फक्त कपात बापाच्या बिलातून झाली आणि बाप स्वतः वर्गाबाहेर राहिला.

बापासाठी राहुरी होती. 1968 मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला पुढं फुल्यांचंच नाव मिळालं. राहुरीची 'कृषिदर्शनी' जिल्ह्यातल्या किती घरांत देवळीत असते! गीर, होल्स्टिन आणि जर्सी यांच्या तिहेरी संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय राहुरीनंच दिली. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती पाडेगाव केंद्राच्या 'फुले 265' या उसाची कथा. शेतकऱ्याला तो आवडला, कारण टनेज देतो आणि चोपण जमिनीतही तग धरतो. बरेच कारखाने उताऱ्याचं कारण सांगून त्याची नोंद घ्यायला कां-कू करू लागले. शास्त्रज्ञ म्हणत, पक्व होऊ द्या, वेळेवर तोडा, उतारा मिळेल. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. विद्यापीठ प्रक्षेत्रावर, कारखाना प्रयोगशाळेत आणि शेतकरी बांधावर. तिघं एका टेबलाशी बसले असते तर तो खरा अभ्यासक्रम झाला असता.

1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. शाळा अर्ध्यात सुटलेल्याला 'पूर्वतयारी'च्या वाटेनं पदवीपर्यंत जाता येऊ लागलं. माळीकामाचंही प्रमाणपत्र मिळू लागलं. या विद्यापीठानं वयाची लाज घालवली. चाळिशीतली अंगणवाडी ताई रविवारी अभ्यासकेंद्रात बसलेली दिसते, तिचं श्रेय त्यालाच. तरी तिलाही छापील पुस्तकातलंच येतं का, हे पाहिलं जातं. तिचं स्वतःचं ज्ञान परीक्षेच्या बाहेरच राहतं.

आता उद्योगांकडं येऊ. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. मान्य कामांत शिक्षण आणि रोजगाराची कौशल्यं दोन्ही आहेत. पैसा आला. शाळांना रंग आला, संगणक आले, शिवणयंत्रं आली. शिवणयंत्राबद्दल माझं एक मत आहे, रागवू नका: ग्रामीण बाईला काय शिकवावं हे सुचलं नाही की लोक शिवणयंत्र वाटतात.

काष्टी परिसरात दूध आणि ऊस या दोन गोष्टींवर घरं चालतात. दूध संकलन केंद्रावर जा. कधी शाळेत न गेलेल्या बाईला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे आकडे पाठ असतात, कारण त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो. यंत्रातून चिठ्ठी येते. ते यंत्र कसं मोजतं, त्याची तपासणी कधी झाली, सकाळी आणि संध्याकाळी फरक का पडतो, चाऱ्यात काय बदललं की एसएनएफ सुधारतं, हे तिला शिकवायला महिनाभराचे तास पुरतील. उसाचंही तसंच. वजनकाट्यावर शेतकरी उभा राहतो तो संशयानं. काट्याचं गणित त्याला उघड करून सांगितलं तर एक तर संशय जाईल, नाहीतर खरा ठरेल. इथं उद्योगाची कसोटी आहे. ज्या शिक्षणानं शेतकरी आपल्याला चार प्रश्न जास्त विचारेल, ते शिक्षण द्यायला तुम्ही तयार आहात का? तसं नसेल तर 2 टक्के खर्चले काय आणि कर म्हणून भरले काय, सारखंच.

आणि एक गोष्ट. बाजारात पुरुषच पुरुष दिसतात. गायीच्या दुधाचा हिशेब जिच्या डोक्यात असतो ती घरी असते, आणि डेअरीच्या खात्यावर नाव बहुधा नवऱ्याचं. प्रौढ शिक्षणाची कुठलीही योजना त्या खात्यापासून सुरू करावी.

कायद्यात वाट मोकळी झाली आहे. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ ठेवलं. 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला, त्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक द्यायची सोय आहे. 'असूड' लिहिल्याला तेव्हा बरोबर 140 वर्षं झाली होती. दिल्लीच्या आराखड्यात असूडाचा उल्लेख शोधायला जाऊ नका. कल्पना मात्र तीच आहे.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. सावित्रीबाईंचं नाव लावणारं पुण्याचं विद्यापीठ, फुल्यांचं नाव लावणारं राहुरीचं विद्यापीठ आणि या भागातून दूध-ऊस उचलणारे उद्योग यांनी मिळून काष्टीच्या बाजारात एक टेबल मांडावं. परीक्षक दोन: एक पशुवैद्यक प्राध्यापक, एक जुना हेडी. परीक्षा तोंडी, जनावरासमोर. उत्तीर्ण होईल त्याच्या किंवा तिच्या खात्यावर श्रेयांक जमा व्हावेत आणि पुढच्या अभ्यासक्रमाची दारं उघडावीत. खर्च उद्योगांनी करावा. नापास होणाऱ्या प्राध्यापकांची नोंदही ठेवावी, म्हणजे विस्तार दोन्हीकडून होईल.

महिना फुल्यांनी सांगून ठेवला आहे, आश्विन. काष्टीपुरता वार ठरलेलाच आहे.