शेरा मारून मोकळे होऊ नका

मोबाइल पर्समध्ये ठेवा. फोटो काढून झाले, पोषण ट्रॅकरवर जे टाकायचं ते नंतर टाका. तुमच्यातल्या निम्म्याजणी माझ्या हाताखाली शिकून गेल्या आहेत, तेव्हा मी गोड बोलणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर, तुम्हीही पुढे येऊन बसा. हे काही फक्त सेविकांनी आणि आशांनी ऐकायचं नाही.

सकाळी आपण जो मुलगा पाहिला, साडेतीन वर्षांचा, त्याचे सगळे कागद मी मागवून घेतले. आधी माता व बाल संरक्षण कार्ड उघडलं. वाढीच्या टप्प्यांचं पान काढलं. मान धरतो, खूण. आधाराशिवाय बसतो, खूण. उभा राहतो, चालतो, दोन शब्द जोडून बोलतो, सगळीकडे खूण. साऱ्या खुणा एकाच निळ्या पेनाच्या, एकाच बाजूला झुकलेल्या, एका बैठकीत ओढलेल्या. आणि ते लेकरू आईच्या कडेवरून खाली उतरत नव्हतं, कारण त्याला उभंच राहता येत नाही. ते पान भरणाऱ्या बाईंनी मुलाकडे मान वर करून एकदा तरी पाहिलं होतं का? नसेल पाहिलं, तर पान कोरं ठेवायचं होतं. कोऱ्या पानाला निदान कुणीतरी विचारलं असतं. भरलेल्या पानाला कोण विचारतं?

मग आशाची वही पाहिली. नवव्या महिन्याच्या गृहभेटीत तिनं स्वच्छ लिहिलंय, "अजून बसत नाही." म्हणजे दिसलं होतं! वेळेवर दिसलं होतं. अंगणवाडीच्या रजिस्टरात शेरा आहे, "पथकाला दाखवले." पथकाच्या कागदावर आहे, "जिल्ह्याला संदर्भित." कार्डावर खुणा करणारी आणि वहीत लिहिणारी या दोघी एकाच वस्तीत राहतात, एकाच नळावर पाणी भरतात. उद्या तपासणी लागली तर यातल्या एकावरही ठपका येणार नाही, इतके बाकीचे कागद चोख आहेत. आणि पावणेतीन वर्षांत मूल जिथल्या तिथे आहे.

मी त्याच्या आईला विचारलं. चिठ्ठी घेऊन ती जिल्ह्याला गेली होती. दोन एसट्या बदलून, एक दिवसाची मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन. त्या दिवशी तपासणारे जागेवर नव्हते. पुढच्या आठवड्यात या म्हणाले. पुढच्या आठवड्यात मुकादमाची गाडी आली आणि सगळं बिऱ्हाड ऊसतोडीला गेलं. सहा महिन्यांनी परत आली तेव्हा चिठ्ठी पेटीच्या तळाशी होती. पुढं काय झालं, म्हणून तिला कुणी विचारलं नाही. मघाशी मागून आवाज आला, "आईच लक्ष देत नाही." कोण बोललं ते मला कळलंय. हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर बोलायचं नाही. त्या बाईनं जमेल तेवढं केलं. पगारावर असलेल्या आपण केलं नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्याच राज्यातून. 2013 च्या फेब्रुवारीत, पालघरातून. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत यायचं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा 30 प्रकारच्या तक्रारी शोधायच्या. सापडलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यायचं, ज्याला आपण सगळे डीईआयसी म्हणतो. तिथं बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान आणि वाचा तपासणारे, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक एका छपराखाली असावेत ही कल्पना. त्यावर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्यात प्रत्येक मुलाची वर्षातून निदान एकदा तपासणी करा असं लिहिलं आहे. 2023 च्या नोव्हेंबरात अंगणवाडीसाठी दिव्यांग मुलांची वेगळी कार्यपद्धती आली: लवकर ओळखा, सगळ्यांत सामावून घ्या, पुढे पोचवा. योजना नाही असं म्हणायला जागा राहिलेली नाही. बालविकास, आरोग्य, शिक्षण आणि दिव्यांग कल्याण ही चार खाती या मुलाच्या चार बाजूंना उभी आहेत. मूल पडतं ते बरोबर मधल्या जागेत.

आता तपासणीबद्दल. काल एका अंगणवाडीत मी कान कसे तपासता ते करून दाखवायला सांगितलं. बाई मुलीच्या समोर उभ्या राहिल्या आणि जोरात टाळी वाजवली. मुलीनं पापण्या मिटल्या. "ऐकू येतंय," म्हणाल्या आणि लिहून मोकळ्या. अहो, तिनं हात पाहिले! तोंडावर वारा लागला! मग मी मुलीच्या मागे, तिला दिसणार नाही अशी बसले, हळू आवाजात तिच्या आईसारखी हाक मारली. डावीकडून, मग उजवीकडून. मुलीनं हातातला ठोकळा फिरवणं थांबवलंसुद्धा नाही. ही तपासणी अंतिम नव्हे, यंत्रावरची वेगळी आहे आणि तीच खरी. पण यंत्रापर्यंत कुणाला पाठवायचं हे तुम्ही ठरवता, आणि समोरून टाळी वाजवून तुम्ही त्या मुलीची वाट बंद केली होती. पहिल्या महिन्यात कान तपासावेत, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान व्हावं, सहाव्याच्या आत यंत्र कानाला लागून बोलण्याचं शिक्षण सुरू व्हावं असा दंडक आहे. ही मुलगी दोन वर्षांची आहे. बोलणं ज्या वयात कानावाटे आत उतरतं त्यातली दोन वर्षं गेली.

आणि ती वाक्यं! "याचा बापही उशिराच बोलला." "जीभ जड आहे, नवस बोललोय." "मुलगे आळशीच असतात, चालेल आपोआप." आजी बोलते तेव्हा मी समजू शकते, तिला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही बोलता तेव्हा मला राग येतो. काही मुलं उशिरा बोलतात हे खरं आहे. कोणतं मूल नुसतं उशिरा बोलणार आणि कोणतं अडकलंय, हे घरी बसून ओळखता येत नाही, म्हणून तर तपासायचं. दाखवून काही निघालं नाही तर एक दिवस गेला. न दाखवता काही निघालं तर काय गेलं ते सकाळी तुम्ही पाहिलंत. नऊ महिन्यांचं मूल आधार देऊनही बसत नसेल, दीड वर्षाचं चालत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, येत होतं ते बोलणं किंवा हसणं अचानक बंद झालं असेल, तर थांबायचं नाही. जन्मल्यावर रडलं नव्हतं, वजन फार कमी होतं, पेटीत ठेवलं होतं, झटके आले होते, अशा मुलांची नावं तर पहिल्या दिवसापासून वेगळी लिहिलेली हवीत.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळेपर्यंत काही करता येत नाही, असं कुणी तुम्हाला सांगितलं? व्यायामाला, बोलण्याच्या सरावाला प्रमाणपत्र लागत नाही. जिल्ह्याची तारीख मिळेपर्यंतही हातावर हात ठेवून बसायचं नाही. सकाळी ती आई मुलाला आडवं निजवून पातळ वरणभात भरवत होती. घास श्वासनलिकेत जाईल म्हणून कुणीही तिचा हात धरला नाही. त्याला मांडीवर ताठ बसवा, मानेला आधार द्या, हनुवटी किंचित खाली ठेवा, घास लहान द्या. हे सांगायला दोन मिनिटं लागली. गोधडीची वळकटी करून तिच्या आधारानं कसं बसवायचं, तेही मी तिला तिथंच दाखवलं. तुम्हाला हे येतं. मीच शिकवलंय.

डॉक्टर, आता तुमच्याकडे. "संदर्भित" लिहून तुमचं काम संपत नाही. चिठ्ठीचा जो अर्धा भाग तिकडून परत यायचा असतो, तो किती मुलांचा आला? मी पाहिलेल्या फायलीत एकही नव्हता. मुलाला काय निघालं, घरी काय करून घ्यायचं, पुन्हा कधी न्यायचं, हे सेविकेला कळलं नाही तर ती रोज समोर बसलेल्या मुलाशी वागणार कशी? तज्ज्ञ कोणत्या वारी असतात, ते फोन करून विचारूनच तारीख द्या. रिकाम्या खुर्चीपुढे नेऊन बसवलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही. आणि विशेष शिक्षकांनी "मूल सहा वर्षांचं होऊन शाळेत आलं की बघू" हे उत्तर बंद करावं. त्याच आवारातल्या अंगणवाडीत चला, आठवड्यातून एक तास बसा.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. मानधन वेळेवर येत नाही. आशानं एका मुलाच्या पाच गृहभेटी पूर्ण करायच्या आणि त्याचे 250 रुपये व्हायचे. रजिस्टरं संपत नाहीत, वरून अॅप. त्यासाठी तुम्ही मोर्चा काढलात तर मी तुमच्या पुढे चालेन. पण खोटी खूण करायला मानधनाचं कारण मी ऐकणार नाही.

आजपासून असं करायचं. विलंब दिसलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे एका माणसाचं नाव. पथक नाही, विभाग नाही, माणूस. शक्यतो सेविका, कारण ती मूल रोज पाहते. तिनं तारीख घ्यायची, आईबरोबर कोण जाणार ते ठरवायचं, परत आल्यावर त्याच संध्याकाळी विचारायचं, आणि दर महिन्याच्या ग्राम आरोग्य व पोषण दिनाला आशा, परिचारिका आणि तिनं मिळून त्या एकेका नावावर बोट ठेवून बोलायचं. पर्यवेक्षिकांनी रजिस्टरावर सही करण्याआधी त्यातलं कुठलंही एक मूल प्रत्यक्ष पाहायचं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काम सगळ्यांत आधी घ्यायचं, कारण ती घरं दसरा-दिवाळीला हलतात आणि पथक येतं तेव्हा मूल इथं नसतं. कार्ड आईच्या हातात द्या, त्यात पुढची तारीख आणि आपला फोन नंबर लिहा. ते ज्या कारखान्याच्या पट्ट्यात जाणार तिथल्या सेविकेला तुम्ही स्वतः फोन करा, मुलाचं नाव सांगा, घरी काय करून घ्यायचं ते सांगा. ही यादी मला दसऱ्याच्या आत हवी. मुलाचं नाव, वय, काय दिसलं, कोणत्या कारखान्याला चाललेत, मुकादमाचा नंबर, आणि शेवटी जबाबदार बाईचं नाव. काढा वह्या, लिहायला घ्या.