औषध आणि काटकसर

काटकसर हा सद्गुण आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. ज्या घरांनी पै-पै साठवून मुलांना शिकविले, त्यांना तो वेगळा शिकवावा लागत नाही. पण ही काटकसर औषधापाशी येऊन ठेपते, आणि औषध वर्षानुवर्षे घ्यावयाचे असते, तेव्हा तिची मर्यादा कोठे आखावी?

स्थूलतेवरील साप्ताहिक इंजेक्शने हे याचे आजचे उदाहरण होय. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत रुग्णांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात त्यातील दोन-तृतीयांश परत आले. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखेच हे. घेत राहावे तोवर गुण. जून २०२५ मध्ये ‘वेगोव्ही’ या नावाने ते भारतात आले तेव्हा सर्वोच्च मात्रेची किंमत महिन्याला २६,०१५ रुपये, वर्षाला तीन लाखांहून अधिक होती. पुढे कंपनीने किंमत उतरविली, आणि मार्च २०२६ मध्ये पेटंटची मुदत संपल्याने इतर भारतीय कंपन्यांनाही वाट मोकळी झाली.

एवढा खर्च करण्यास मनुष्य नैतिकदृष्ट्या बांधील आहे काय? सोळाव्या शतकातील धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी सालामांका येथे आहारसंयमाचाच विचार करताना याचे उत्तर दिले आहे. प्राणरक्षण कर्तव्य खरे. परंतु त्यासाठी सर्वांत महागडे अन्न घेण्यास वा सारी पुंजी औषधावर ओतण्यास कोणी बांधलेला नाही. पोप बारावे पायस यांनीही १९५७ साली स्पष्ट केले, की स्वतःवर वा इतरांवर अवजड भार न टाकणारी साधनेच बंधनकारक असतात. तेव्हा न परवडणाऱ्याने नकार दिला, तर तो दोष नव्हे. आणि ज्याला वैद्यकीय गरज आहे त्याने हे औषध घेतले, तर तीही चैन नव्हे. स्थूलता हा आजार आहे, खादाडपणाची शिक्षा नव्हे.

मात्र बचतीचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. एक किंमत कमी करते, दुसरी उपचारच कमी करते. परवानाधारक कंपनीचे स्वस्त औषध चालेल काय, कमी मात्रा पुरेल काय, हे डॉक्टरांना विचारणे, दोन-चार दुकानांत भाव पाहणे, ही शहाणी काटकसर. परस्पर आठवडे गाळणे, कोणाच्या तरी हातून बिनपावतीचे औषध घेणे, पती-पत्नीने एकच पेन वापरणे, ही नव्हे. सुई बदलली तरी अशा पेनमधून संसर्ग होऊ शकतो. आणि बऱ्याच आठवड्यांच्या खंडानंतर पूर्वीचीच मात्रा घेतल्यास उलट्यांचा त्रास बळावतो.

याहून गंभीर प्रश्न असा, की बचत कोणाच्या वाट्यातून होते? आमच्या कुटुंबांत एकाचे औषध महागले, की बहुधा गृहिणी न बोलता आपली रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागते. म्हातारी आजी डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढल्या वर्षावर ढकलते. वहीत ही बचत दिसते. न्यायाच्या दृष्टीने ती एकाचा भार दुसऱ्याच्या देहावर टाकणे होय.

म्हणून पहिले इंजेक्शन घेण्यापूर्वीच घरच्यांनी एकत्र बसावे. एका महिन्याचा नव्हे, पाच वर्षांचा हिशेब मांडावा, आणि त्या हिशेबात प्रत्येकाचे औषध लिहावे. जो काही मागत नाही, त्याचे सर्वांत आधी.