गाडी कधी तापते?

जुलै महिना, धो धो पाऊस, चाकं लाल चिखलात अर्धी रुतलेली, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर फोर बाय फोर घेऊन जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. मे महिन्यात घाटाच्या चढावर ट्रक तापून उभे राहतात ते समजतं. पण चहूकडे पाणी, हवेत गारवा, आणि इंजिन उकळतंय, हे नवख्या माणसाला कोडंच वाटतं.

डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातली ढोबळमानानं एक तृतीयांशच चाकं फिरवायच्या कामी येते. बाकीची उष्णताच. तिच्यातली बरीचशी सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते आणि उरलेली इंजिनाभोवती फिरणारं पाणी उचलतं. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं, नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून वारा जातो आणि उष्णता घेऊन निघून जातो. म्हणजे इंजिन पाण्यानं थंड होतं हे अर्धंच खरं. पाणी उष्णता फक्त वाहून आणतं, ती बाहेर टाकायचं काम वाऱ्याचं. आणि चिखलात नेमका वाराच अडतो. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या कमी वेगाच्या गिअरमध्ये, गाडी माणसाच्या चालीनं चढत असते, इंजिन मात्र जोरात फिरत असतं. समोरून येणारा वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. त्यात चाकांनी उडवलेली लाल माती जाळीत बसते आणि तापलेल्या रेडिएटरवर वाळून घट्ट होते.

अशा वेळी हात आपसूक पाण्याच्या कॅनकडे जातो. तो आवरायला हवा. रेडिएटरचं झाकण आतलं पाणी साधारण एका वातावरणाइतक्या जादा दाबाखाली धरून ठेवतं, म्हणून ते 100 अंशांवर न उकळता 120 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, हे लक्षात घेतलं की त्या दाबाची किंमत कळते. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो आणि आतलं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. पाणी आत असेल आणि पंखा फिरत असेल, तर गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन चालूच ठेवावं, हीटर पूर्ण सोडावा. तोही एक छोटा रेडिएटरच असतो. होज फुटला असेल किंवा बेल्ट तुटला असेल, तर मात्र इंजिन तत्क्षणी बंद. मग अर्धा-पाऊण तास नुसतं थांबायचं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेड वाकतं, ब्लॉकला तडा जातो, आणि दोनशे रुपयांच्या बेल्टचं दुखणं हजारोंच्या कामावर जातं.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. चांगला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी एकच गोष्ट विचारतो, "गरम कधी होते?" जुने डॉक्टर तापाच्या रोग्याला हेच विचारायचे: ताप संध्याकाळी चढतो, की दिवसाआड थंडी वाजून येतो? आपल्याला "का" हे लगेच हवं असतं, पण त्याचं उत्तर "कधी"च्या पोटात दडलेलं असतं. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. तो विचारणारा माणूस आधी ऐकून घेतो आणि मग पाना उचलतो.

हायवेवर ठीक आणि दगडगोट्यांत सावकाश चढताना तापते, तर वाऱ्याकडे बघायचं. बेल्ट ढिला आहे का, ओला होऊन घसरतोय का. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण जागेवर आहे का. ओढा पार करताना ते तुटलं की बरेच जण काढून फेकतात, आणि मग पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. बऱ्याच गाड्यांत पंख्याला सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हातानं फिरवून पाहावा. अडखळत फिरला तर ठीक, मोकळा गरगर फिरला तर क्लच गेला. पुढे हौसेनं लावलेली विंच आणि दिव्यांची रांगही वारा अडवते. पाण्यात उतरण्याआधी ग्रिलवर बांधलेली ताडपत्री पलीकडच्या काठावर सोडायची राहून जाते, असंही घडतं. आणि चिखल धुवायचा तो आतून, म्हणजे इंजिनाच्या बाजूनं पुढे, हलक्या धारेनं. समोरून जोरात पाणी मारलं तर माती आणखी आत जाते आणि पत्रे वाकतात. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती साठते. बाहेरून जाळी लख्ख, आत भिंत उभी. टॉर्च लावून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही.

उलट, सावकाश चालताना ठीक आणि वेगात किंवा लांब चढावर तापते, तर खोट बहुधा पाण्याच्या वाटेत. आपल्याकडे बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं असतं. त्यातले क्षार नळ्यांत बसतात. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचं रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करता येतं, अॅल्युमिनियमचा सरळ बदलावा लागतो. खालचा होज आतून मऊ झाला असेल तर पंपाच्या ओढीनं जास्त आरपीएमला तो चपटा होतो, आणि गाडी उभी असताना तोच पाइप अगदी निरोगी दिसतो.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि मिनिटभरात वरचा होज दाबता येईना इतका कडक झाला, किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसू लागले, तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. ऑइल दुधाळ झालं असेल तर हा संशय आणखी बळावतो. गॅसकेट गेलंच असेल तर हेड उचलण्याला पर्याय नसतो.

या सगळ्यात मला सर्वांत विचार करायला लावतो तो तापमानाचा काटा. चढत गेलेला काटा अचानक खाली येतो आणि गाडीतले सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण काटा सेन्सरभोवतीच्या पाण्याचं तापमान दाखवतो. पाणी निघून गेलं आणि सेन्सर कोरडा पडला तर काटाही उतरतो. इंजिन सर्वांत धोक्यात असतं तेव्हाच तो सर्वांत शांत दिसू शकतो. काहीही न करता आलेल्या सुटकेवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. आधी हीटरची हवा तपासावी. ती गार येऊ लागली असेल तर गाडी तिथंच उभी करावी.

सुटकेची घाईच रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकायला लावते. काटा खाली येतो, सगळे खूश. पण 80-85 अंशांच्या सुमारास उघडणारी ती झडप इंजिनाला चटकन योग्य उष्णतेवर आणते. ती नसली की इंजिन बराच वेळ थंड चालतं, डिझेल जास्त खातं, झिजतं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरतं आणि तापणं वाढतं. झडप अडकली असेल तर नवी बसवावी. नुसती काढली तर मूळ खोट झाकली जाते आणि पुढच्या मिस्त्रीला खुणाच मिळत नाहीत. त्याच कारणानं बेल्ट, पंप, रेडिएटर एकाच दिवशी बदलणंही मला पटत नाही. गाडी बरी होईल, पण कशानं झाली ते कळणार नाही, आणि कातळावर पुन्हा तापली तर आपण पहिल्याच पायरीवर असू.

एक बदल करावा, गाडीचं नाक चढाकडे ठेवून आतली हवा काढावी, निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी भरावं आणि ज्या चढावर तापली त्याच चढावर तेवढंच वजन घेऊन जावं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पातळी पाहावी. पेलाभर जरी कमी झालं असेल आणि खाली कुठं ओल नसेल, तर ते पाणी आत, सिलिंडरमध्ये जात असल्याचा संशय घ्यावा. मग हेड उचलायची तयारी ठेवावी.